हंगामाच्या सणात सुभेदार

बेलापूर,
सोमवार, दुपार

श्री. पॉलराव यांना, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा म्हणजे सत्यवान मास्तरचा सप्रेम सलाम.

डोळ्याची पट्टी निघाली असेल आणि एंजेलावहिनींचा चेहरा पुन्हा स्वच्छ दिसू लागला असेल. (वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल तर एवढं वाक्य गाळा.) श्रीगोंद्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांचा धुरळा असतो, तेव्हा गॉगल काढू नका. आम्ही सगळे खुशाल. तुमचा सुभेदारही खुशाल आहे. म्हणजे होता, आणि आहेच, मधला थोडा भाग तेवढा सांगायचा आहे. फोनवर सांगितला असता, पण फोन हातात घेतला की तुमची बहीण हन्ना कान टवकारून शेजारी उभी राहते.

डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत सांभाळा म्हणून तुम्ही हा कुत्रा इथं सोडून गेलात आणि त्याच संध्याकाळी तुमच्या नॅन्सीचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला. वाटलं, पोरगी आत्याची ख्यालीखुशाली विचारेल. कसलं काय! तिकडं म्हणे गोचीड चावून लाइम नावाचा रोग होतो, अंगावर गोल लाल चट्टा उठतो, ताप येतो, सांधे धरतात. म्हणून कुत्र्याला फिरवताना फिकट रंगाची पँट घालायची, तिचे पाय मोज्यात खोचायचे आणि घरी आल्यावर कुत्रा नि माणूस दोघांनाही नखशिखांत तपासायचं. आता सांधे तर माझे रिटायर झाल्यापासून धरलेले. त्या रात्री मला लाइम झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी मी पांढरी पँट मोज्यात खोचून सुभेदारासह स्टँडवरून निघालो. लोकांनी स्कोअर विचारला. त्याचं काही नाही, पण ती पँट शिवणारा जैनुद्दीन टेलर दुकानातून धावत आला. "मास्तर, उंचीत माझी चूक झाली असेल तर दुकानात सांगा की, अशी गावभर माझी अब्रू काय काढता?" मी त्याला अमेरिका समजावत असताना सुभेदाराने त्याच्या दाराशीच खसाखसा अंग खाजवलं आणि एक टपोरा गोचीड पायरीवर पडला. आता जैनुद्दीनही पँट मोज्यात खोचतो.

मग जनावरांच्या करण डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी आधी मला तपासायला नकार दिला. (मी शर्ट काढून तयार होतो.) म्हणाले, तो अमेरिकेतला रोग आपल्याकडं क्वचितच दिसतो, तुमचे गुडघे निव्वळ वयाचे आहेत. पण गोचिडांना हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्यामुळं कुत्र्याला दुसरा ताप येतो, तो जिवावर बेतू शकतो, आणि माणसालाही त्रास होऊ शकतो. रॉकेल नको, काडी पेटवणं नको, चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचा. मानेवर घालायचं औषध त्यांनी वजन बघून दिलं. हन्ना, जी कुत्रा घरात नको म्हणून तुमच्याशी भांडली होती, ती रोज दुपारी बॅटरी, चिमटा आणि साबणपाण्याचा वाडगा घेऊन बसायची आणि एकेक गोचीड बुडवताना खड्या आवाजात गीत म्हणायची. मला चहा मिळायचा बंद झाला.

तरी कानामागचे काही चिवट निघेनात. तेवढ्यात शेजारच्या रंगुबाईने अक्कल पाजळली. "मास्तर, लई सोपं हाय. माज्या कोंबड्या म्हशीचे गोचीड येचून खात्यात. कुत्र्याला कोंबड्यात बांधा." आमच्याकडं कोंबडी कुठली? पण रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण होता. तुम्हाला माहीतच आहे, मंडळी आपापलं धान्य, भोपळे, शेळ्या, कोंबड्या देवाला आणतात, दुपारी लिलाव होतो आणि आवारातल्या लिंबाखाली जे बांधलं ते देवाचं. लिंबाखाली यंदा कोंबड्याच कोंबड्या! मी सुभेदाराला नेऊन मधोमध बांधला. कोंबड्यांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, तो मात्र त्यांच्याकडं फार प्रेमाने पाहत होता.

आणि पॉलराव, भर उपदेशात माझ्या मांडीला काहीतरी चावलं. नॅन्सीचे शब्द आठवले. हळूच उठलो, पाळकसाहेबांच्या न्हाणीघरात शिरलो, पँट काढली आणि तपासणी सुरू केली. चट्टा गोल वाटेना, चष्मा बाकावर राहिलेला. किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी कर्ण्यावरून लिलाववाल्या रंगनाथचा आवाज आला, "आता सत्यवान मास्तरांनी देवाला दिलेला हा धष्टपुष्ट राखणदार! असं मन लागतं, मंडळी!" टाळ्या पडल्या. अहो, मी आतून ओरडलो, पण लोकांना वाटलं मास्तर भारावलेत! पँट घालू गेलो तर दोन्ही पाय एकाच बाजूला. बाहेर येईतो रंगनाथने "तीन" म्हणून हात आपटला होता. कुत्रा विकला गेला. मी एका हाताने पँट सावरत होतो आणि लोक माझ्याशी हात मिळवत होते.

शनिवारी तुम्ही त्याला न्यायला येणार आहात. मी काय तोंड दाखवू? तुमच्या डोळ्याला सध्या पाणी चालत नाही, म्हणून आधी कळवतो आहे.

आपला,
सत्यवान

ता. क. घाबरू नका, तो याच घरात आहे. बाईमाणसांच्या बाजूने बोलीसाठी जो हात वर होता, तो हन्नाचा. रंगनाथने थांबायला सांगितलं तरी तिने खाली घेतला नाही.

ता. क. दुसरा : मी म्हटलं, बरं झालं, आता पॉलचा पॉलला देऊ. तर म्हणते, "भावाचा कुत्रा देवाला गेला, देवाकडून मी घेतला. भावाचा संबंध संपला." पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनाही यात चूक सापडेना.

ता. क. शेवटचा (वहिनी, हा जरा हळू वाचा) : सकाळपासून ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. तुम्ही मागितलात तर ती देईल, धाकट्या भावाला तिने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणून पॉलराव, हात जोडतो, शनिवारी या, जेवा, राहा, पण मागू नका.