स्कोअर सदतीस

रविवार, ४ फेब्रुवारी २००७

प्रीतीचं लग्न ठरलं. तेरा मे, सकाळी, बदलापूर. प्रीती म्हणजे विक्रांतची धाकटी बहीण. विक्रांत म्हणजे माझा आतेभाऊ. विक्रांतबद्दल माझ्या मनात काहीही नाही. हे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

फोन बाबांनी घेतला. पलीकडून विक्रांतने विचारलं, सदतीस आहे का घरी? बाबा म्हणाले, आहे, अंघोळीला गेलाय.

माझं नाव महेंद्र आहे.

सोमवार, ५ फेब्रुवारी

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. राग म्हणून नव्हे.

१९८६ ची मे महिन्याची सुट्टी. मी दहा वर्षांचा. सरस्वतीआत्याकडे बदलापूरला राहायला गेलो होतो. आतोबा मस्कतला फिटर होते. त्यांनी विक्रांतसाठी हातात धरायचा व्हिडिओ गेम आणला होता. चार कोंबड्या अंडी घालतात, अंडी घरंगळत येतात, खालच्या माणसाने टोपलीत झेलायची. तीन फुटली की आउट. घरात त्याला कोंबडीचा गेम म्हणत. नियम असा की आउट झालास की दुसऱ्याला द्यायचा. विक्रांत आउट होत नसे. झाला तरी म्हणे, सेल संपतील.

पूर्ण सुट्टीत मला एक डाव मिळाला. मी ३१२ वर होतो. विक्रांतने मागून येऊन गेम हिसकावला आणि सेल काढले. सेल काढले की स्कोअर पुसला जातो. मग घरभर सांगत फिरला, महेंद्रचा स्कोअर सदतीस.

त्याचा स्वतःचा म्हणे ४०६. कुणी पाहिला?

तेव्हापासून मी सदतीस. आत्या, मावश्या, त्यांचे जावई. ऑफिसातही. डिस्पॅचमधला हरिचंद्र बदलापूरचा आहे, आत्याच्याच बिल्डिंगमधला. त्याने आमच्या मोरिवलीच्या कारखान्यात हे नाव माझ्याआधी पोहोचवलं. अस्मिताला आमच्या लग्नानंतर आठवड्यात कळलं. ती म्हणाली, मला वाटलं बुटाचा नंबर असेल.

शनिवार, १० फेब्रुवारी

निश्चय. तोच गेम मिळवायचा. सराव करायचा. प्रीतीच्या लग्नात, सगळ्या नातेवाइकांदेखत, ४०७ करायचे. विक्रांतने सर्वांसमोर कबूल करायचं. नंतर मी त्याला माफ करीन. माफीचं वाक्य तयार आहे.

अस्मिताला सांगितलं की जुने हातातले गेम जमवायचा छंद लावून घेतोय. ती म्हणाली, लोक ट्रेकिंगला जातात.

रविवार, १८ फेब्रुवारी

उल्हासनगर कॅम्प एक. सात दुकानं फिरलो. सगळे मोबाइलची कव्हरं दाखवतात. आठवा झमटमलशेठ. कोंबडीचा गेम म्हटल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, साईं, ये तो बड़े भाई का माल था, वो भी गया, माल ऊपर पड़ा है. माळ्यावरून खोका उतरवला. वर पालीची अंडी. खाली, एका ब्रिक गेमच्या खाली, कोंबडीचा गेम.

मी चेहरा निर्विकार ठेवला. फक्त हा एक द्या म्हटलं. शेठ म्हणाला, एक नहीं, खोका उठाओ. चालेल का विचारलं. म्हणाला, चले तो आपका, न चले तो भी आपका.

खोका उचलला. चेहरा बहुतेक निर्विकार राहिला नव्हता.

सोमवार, १९ फेब्रुवारी

खोक्यात ब्रिक गेम, कार रेस, मासे पकडायचा, आणि बरेच असे की ज्यांत काय पकडायचं ते कळत नाही. काही नुसतेच कॅलक्युलेटर निघाले. तेही संग्रहात ठेवले. अंबरनाथमध्ये असा संग्रह दुसरा नसावा. पुढे प्रदर्शन भरवता येईल. उद्घाटनाला विक्रांतला बोलवायचं नाही, किंवा बोलवायचं आणि मागे बसवायचं.

कोंबडीच्या गेममध्ये घड्याळाचे सेल घातले. टिक टिक सुरू झाली. डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती.

बाबांनी विचारलं, यात बातम्या लागतात का?

गुरुवार, १ मार्च

सराव सुरू. १४.

बोटं अजून बसली नाहीत.

रविवार, ११ मार्च

२२. नंतर १९. डावीकडचं खालचं बटण अडकतं. विक्रांतचा गेम नवा कोरा होता, हे कुणी लक्षात घेत नाही. त्या नव्या गेमवर माझे तेव्हा साडेतीनशेच्या आसपास झाले होते.

बटण स्पिरिटने पुसलं. १६.

मंगळवार, २० मार्च

भात होईपर्यंत अस्मिताने सहज गेम हातात घेतला. ११८. कुकर उतरवायला उठली म्हणून थांबली. म्हणाली, वरच्यांकडे बघायचंच नाही, खालच्या दोघींवर नजर ठेवायची.

नवख्याला कधी कधी लागतं असं. तिला तसं समजावलं. ती म्हणाली, हो.

गेम कपाटात कुलपात ठेवला. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून. आमच्याकडे लहान मुलं नाहीत, पण येतात.

रविवार, ८ एप्रिल

जांभूळला गेलो. विक्रांत तिथे पाण्याच्या प्लांटवर सुपरवायझर आहे. शत्रूला त्याच्या जागेवर पाहून ठेवावं. शत्रू हा शब्द इथे ढोबळ अर्थाने.

जाडा झालाय. मला पाहून पंप सोडून पळत आला. सगळ्यांना ओळख करून दिली, हा आपला सदतीस, मामाचा मुलगा. चहा पाजला, वडा खायला घातला, स्वतःचाही माझ्यापुढे सरकवला. अशा माणसापासून सावध राहावं.

मी सहज विचारलं, तुझा तो गेम कुठे आहे? म्हणाला, कुठला रे? मी म्हटलं, कोंबडीचा. तो हसला. म्हणाला, तो तर आईने भांडीवालीला दिला, त्यावर एक चाळणी घेतली.

पुरावा नष्ट केलाय. चाळणीवर.

निघताना म्हणाला, लग्नात तूच दोन शब्द बोल. मामाच्या घरातून कुणीतरी बोलायला हवं, आणि मामा माइक धरला की खोकतात. मी विचार करून सांगतो म्हटलं. गाडीला किक मारायच्या आधी हो म्हटलं.

मासा स्वतःहून टोपलीत आला. अंडं.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. आज कुणाचं वाईट चिंतायचं नाही. चिंतलं नाही. मिरवणुकीत विक्रांत दिसला, तोपर्यंत.

शनिवार, ५ मे

भाषण तयार. सुरुवात मंगलकामनांनी. मग बालपण. मग न्याय. मग गेम बाहेर काढून प्रात्यक्षिक. अस्मिताला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यात प्रीती कुठे आहे? एक वाक्य प्रीतीवर घातलं.

सरावात २९. रेंज सापडतेय. गर्दीसमोर माझा खेळ नेहमीच उंचावतो. ८६ साली कुणीही बघत नसताना ३७० झाले होते.

शनिवार, १२ मे

कोंबडीचा गेम मऊ कपड्यात गुंडाळला. सोबत संग्रहातले निवडक सहा. ब्रीफकेस तयार. पांढरा शर्ट इस्त्री केला. बाबा म्हणाले, लग्नाला चाललास की कोर्टात? मी मनात म्हटलं, दोन्ही.

रविवार, १३ मे. दुपारी, घरी

घडलं ते क्रमाने लिहितो.

हॉलबाहेर पार्किंगला सावली नव्हती. ब्रीफकेस स्कूटरवर राहिली. आत त्रिशरण, पंचशील, पुष्पहार, सगळं व्यवस्थित झालं. सत्कार सुरू झाले तेव्हा मी ब्रीफकेस आणायला गेलो. हँडलला हात लावता येत नव्हता. उघडली. सातही गेमचे स्क्रीन काळे. उन्हाने पूर्ण काळे, पाटीसारखे. टिक टिक ऐकू येत होती. म्हणजे आत कोंबड्या अंडी घालत होत्या. दिसत काही नव्हतं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. महेंद्र असंच पुकारलं. मग मागून कुणीतरी, सदतीस, पळ.

माइक हातात आल्यावर मी ठरवलं की प्रात्यक्षिक नाही तर नाही, कबुली घ्यायची. मंगलकामना दिल्या. प्रीतीवरचं वाक्य म्हटलं. मग सगळं सांगितलं. सुट्टी, गेम, सेल. माझे त्या दिवशी चारशेच्या घरात झाले होते, हेही सांगितलं. नवऱ्याकडच्या लोकांना नाव माहीत नव्हतं. ते आता एकमेकांना विचारायला लागले, सदतीस म्हणजे हेच का?

मी म्हटलं, विक्रांत इथे आहे, त्याने खरं सांगावं.

विक्रांत जिलेबीचं ताट घेऊन उभा होता. म्हणाला, चारशे तर चारशे, महेंद्र. तूच जिंकलास, मी हरलो. चल, जेवायला बस.

टाळ्या पडल्या. इथे थांबता आलं असतं, असं अस्मिताचं मत आहे.

पण ही कबुली नव्हती. ही जिलेबी वाढावी तशी वाढलेली होती. मी म्हटलं, मला दया नको. सेल का काढलेस ते सर्वांसमोर सांग. विक्रांत म्हणाला, जाऊ दे ना यार. मी म्हटलं, जाऊ देणार नाही. तो म्हणाला, अरे, प्रीतीचं लग्न आहे. मी म्हटलं, सत्याला मुहूर्त नसतो. हे वाक्य भाषणात नव्हतं, तिथेच सुचलं.

तेव्हा सरस्वतीआत्या उठली. माझ्या हातातून माइक घेतला. तिला वाटतं माइक तोंडाजवळ धरला नाही तर ऐकू जात नाही, त्यामुळे बाहेर स्वयंपाक्यांनाही ऐकू गेलं.

म्हणाली, बाळा, विकीला बोलू नकोस. सेल मी काढायला लावले. तू अकरावर आउट झालास आणि गॅलरीत लोळून रडायला लागलास. शेजारच्या बनूबाईची पोरं स्कोअर बघायला येत होती. मी विकीला म्हटलं, काढ सेल, आणि थोडा वाढवून सांग. मी तर पन्नास सांग म्हटलं होतं. पण तो म्हणाला, आई, पन्नास कुणाला पटणार नाही.

हॉल हसला. नवरदेवही हसला. बाबा हसताना खोकले. विक्रांत एकटा हसला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मी कधीच विसरणार नाही.

आत्याचं वय झालंय. त्या वयात आकडे इकडेतिकडे होतात.

सोमवार, १४ मे

ऑफिस. हरिचंद्र कालच्या पंगतीला होता. गेटपासूनच हाक मारली, अकरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्टोअर्सने उचललं. साहेबांनी विचारलं, तुम्ही सदतीस होतात ना?

घरी आलो. बाबा म्हणाले, अकरा, चहा टाकू का? मग स्वतःच म्हणाले, नाही, सदतीस तोंडात बसलं होतं. हे छोटं वाटतं.

खोका माळ्यावर टाकला. कॅलक्युलेटर तेवढे अस्मिताने काढून घेतले.

मंगळवार, १५ मे

विक्रांतचा फोन. घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा वाजल्यावर घेतला.

म्हणाला, मी सगळ्यांना सांगतोय की आईच्या लक्षात नाही, अकरा कधीच नव्हते. नेहमीचंच म्हणा सगळे.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, सांगतोच आहेस तर चाळीस सांगता येतील का?

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. त्याने खरोखर विचार केला. म्हणाला, चाळीस नको रे, कुणाला पटणार नाही. सदतीसच राहू दे.

मी म्हटलं, बरं.