तीन नंबरच्या खोलीतला मध

१४ एप्रिल, सोमवार

परत पाठवली! तोक्योच्या व्यापाऱ्यानं सफरचंदांची अख्खी गाडी परत पाठवली. सोबत चिठ्ठी — "आतून तपकिरी. खोलीतला उरलेला मालही नको."

मी स्वतः पाच पेट्या फोडल्या. एकेक फूजी सफरचंद बाहेरून देखणं, टणक, कुठे डाग नाही. मधोमध कापलं की गाभ्याभोवती भिजलेल्या चहापत्तीचा रंग. आणि आंबूस, दारूसारखा वास.

शीतगृहातली तीन नंबरची खोली माझी. नोव्हेंबरअखेर मीच सीलबंद केली. साडेचार महिने रोज आतली हवा मोजली. थंडी शून्यावर, ऑक्सिजन दोन टक्के. एक दिवस खाडा नाही. आणि फुकुशी-सान, आमचे व्यवस्थापक, सगळ्यांसमोर विचारतात, "कासाई-सान, यंत्राकडे लक्ष होतं ना तुमचं?"

लक्ष होतं ना!! तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकून "हो" म्हटलं. बस्स.

१५ एप्रिल

आज ओसानाई-बाई. निवडणीच्या पट्ट्यावर असतात, तोंड पट्ट्याहून जोरात चालतं. "एक नासलं की शेजारचं नासतं गं. तुझ्या खोलीत रोग शिरलाय, मिझुए."

रोग नाही हो! कितीदा सांगू? बुरशी नाही, कीड नाही, लागण नाही. सफरचंद तोडलं तरी जिवंत असतं, श्वास घेत असतं. आम्ही थंडी लावतो, ऑक्सिजन कमी करतो, म्हणजे तो श्वास मंदावतो आणि फळ मे-जूनपर्यंत टिकतं. पण मंदावणं वेगळं आणि गुदमरणं वेगळं. ही फळं आतून गुदमरून मेलीत. बाहेरच्या सालीला पत्ताही नाही.

"म्हणजे तूच गुदमरवलीस की," ओसानाई-बाई म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या. लोणच्याचा वास अजून डोक्यात आहे.

१७ एप्रिल

सापडलं. म्हणजे काय झालं ते सापडलं, कुणी केलं ते नाही.

काही फळांत तपकिरी भागाच्या कडेला अजून काचेसारखी पारदर्शक नक्षी आहे. मध! आमच्याकडचे लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो मध. मध कसला, साखरेचं पाणी ते. फळ झाडावर जास्त पिकलं की पेशींच्या मधल्या पोकळ्यांत साठतं. नवीन वर्षाच्या आत खाल्लं तर स्वर्ग. पण त्याच पोकळ्यांतून फळाच्या आत हवा खेळते. त्या पाण्यानं भरल्या आणि वर मी दार बंद केलं, तर गाभ्याला हवा मिळणार कुठून? आतल्या आत दारू होते, मग तपकिरी.

म्हणूनच नियम आहे! तीन नंबरमध्ये फक्त पिशवीतली फूजी. जूनमध्ये एकेका फळाला हातानं कागदी पिशवी बांधायची, सप्टेंबरअखेर काढायची. ती थोडी कमी गोड होतात, मध जवळजवळ धरत नाहीत, म्हणून टिकतात. उन्हातली, बिनपिशवीची उघडी फूजी थंडी संपायच्या आत विकून टाकायची. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे.

कुणीतरी उघडी फळं पिशवीतली म्हणून माझ्या गळ्यात मारली. चाळीस घरांचा माल आहे त्या खोलीत. नाव सापडलं नाही तर दोष माझा. फुकुशी-सान तसं स्पष्टच म्हणाले.

२१ एप्रिल, सोमवार

तीन दिवस खोलीत. हवा खेळती करून मग आत, तरी डोकं जड होतं. प्रत्येक घराच्या पेट्यांतलं वरचं फळ कापलं. सगळी पांढरीशुभ्र! वेड लागायची पाळी.

मग लक्षात आलं — वरचं फळ! आपली ती आदबशीर रीत. माल घेताना जाणत्या माणसाच्या पेटीचा फक्त वरचा थर बघायचा. खाली हात घातला तर त्याचा अपमान. नोव्हेंबरात मीही तेच केलं. वरचा थर बघितला, वाकले, शिक्का मारला. मूर्ख!

उद्या तळापर्यंत उपसते. होऊ दे अपमान.

२२ एप्रिल

कुदो-सान.

बासष्ट पेट्या. वरचा थर पिशवीतला, देठाची खळगी फिकट, पांढुरकी. खालचे सगळे थर उन्हातले, खळगी हिरवट. कापलं की तपकिरी. पेट्यांना लावलेल्या चिठ्ठीवर नाव कुदो. शंकेला जागाच नाही.

कुदो-सान! तीस वर्षं अख्ख्या गावाला पिशव्या बांधायला शिकवणारा माणूस. मला दहाव्या वर्षी शिकवलं. "दोन बोटं, एक पीळ, देठाला धक्का नाही." आणि तोच केसानं गळा कापतो? वर चांगला थर लावून! ही चूक नव्हे, ही लबाडी आहे.

२४ एप्रिल

त्यांच्या घरी गेले. चहा पुढे केला, मी घेतला नाही. मुद्दाम.

विचारलं, "त्या पेट्या तुमच्या आहेत?"

"माझ्या चिठ्ठीनं आल्या ना? मग माझ्याच."

"खाली उघडी फळं होती. तुम्हाला माहीत होतं?"

"तू कापून बघितलीस. आता मी काय सांगू?"

ना माफी, ना लाज! उलट म्हणाले, "चहा गार होतोय." मी उठून आले. दार जोरात लावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं दार आपटलं. बरं वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

सभा. चाळीस घरं, सगळ्यांची तोंडं आंबट. तीन नंबरचा माल म्हटलं की आता कुणी घेत नाही, परत आलेला आणि उरलेला सगळा रसाच्या कारखान्यात जाणार. पट्ट्यावर सगळ्यांची फळं मिसळली, आमचं निवडणीचं जुनं यंत्र रंग बघतं, पोट बघत नाही, मग चांगली फळं वेगळी काढणार कशी?

मी अहवाल वाचला. नाव घेतलं. कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं की हाव सुटते." कुणी हसलंही.

कुदो-सान उठले. जमिनीला कपाळ टेकवलं. "माझी चूक," एवढंच. कारण नाही, सबब नाही. पुढच्या हंगामापासून शीतगृहात त्यांना जागा नाही, असं ठरलं. फुकुशी-सान माझ्याकडे बघून म्हणाले, "नीट शोधलंत, कासाई-सान." परवापर्यंत माझ्यावर ढकलत होते! त्या शाबासकीनं जास्तच डोकं फिरलं.

२९ एप्रिल

बाबांचा फोन. त्यांचा यंदाचा माल आमच्याकडे नव्हता, तोडणीनंतर परस्पर व्यापाऱ्याला दिला म्हणाले होते. तरी सभेला आले होते, मागे बसले होते.

"एवढं कशाला ताणायचं, पोरी? म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा आहे म्हणून चाळीस घरं बुडवायची? तुमचा मित्र आहे म्हणून तुम्हाला पुळका!"

मीच फोन ठेवला. आई असती तर तिनं माझी बाजू घेतली असती. ती नियमाची पक्की होती.

९ मे

फुलं आली. बागा पांढऱ्या. कुदो-सान रस्त्यात दिसले, त्यांनी मान लववली. मी बघितलं नाही असं केलं. अजून राग आहे. असणारच!

२२ जून, रविवार

पिशव्यांचे दिवस. सुट्टी होती, न सांगता बाबांच्या बागेत गेले. बाबा झाडाखाली उभे, कमरेला पिशव्यांची चळत. वर शिडीवर कुदो-सान. ऐंशीचा माणूस!

ते खाली उतरले नाहीत. म्हणाले, "आलीस? बरं झालं. वरच्या फांद्या उरकू. गेल्या वर्षी तुझा बाप एकटाच होता, हात पोचला तिथवरच पिशव्या बांधल्या."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तू माल घेतेस तिथे तो उघडा माल माझ्या नावानं तुझ्यासमोर कसा आणू?" म्हणाले. "म्हणून पेट्यांवर ह्या कुदोची चिठ्ठी."

वरच्या फांद्या नेहमी आई बांधायची. गेल्या जूनमध्ये तिला जाऊन चार महिने झाले होते. बाबांनी फोन केला होता, "येतेस का?" मी म्हटलं होतं, सुट्टी नाही.

त्या बासष्ट पेट्या आमच्या होत्या.