तिसऱ्या रांगेतली रिकामी जागा

टुलारी, कॅलिफोर्निया
ता. ४ नोव्हेंबर १९९६

ती. दियोलिंदाताईस, उर्बानोचा सा. न. वि. वि.

या हातांनी केलेलं: इथे आलेल्या आपल्या बेटावरच्या लोकांच्या सभागृहातली चौदा लांब टेबलं, फादरांची कबुलीची खोली, माझ्या लुसियाचा पाळणा, अकरा जिने, आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजातल्या नृत्यवर्गाची लाकडी जमीन, बत्तीस फूट बाय चाळीस. कुणाकडे शिकलो नाही, कागदावर आराखडा काढला नाही, आणि एकाही कामाच्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं आलं नाही. तुला हे पाठ आहे. तरी लिहितो, कारण आज त्यातल्याच एका कामाबद्दल सांगायचंय.

कॉलेजात सुतारकाम शिकवणारा मास्तर व्हायचं तर दोन वर्षांची पदवी हवी, म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी त्याच कॉलेजात नाव घातलं. एक कला घ्यावीच लागते. जागा फक्त नृत्याच्या प्राथमिक वर्गात उरली होती. हस, पोटभर हस. पोरं मला बॉस म्हणतात.

दुसरा विषय समाजशास्त्र. त्या बाईंनी काम दिलं की एखाद्या खोलीत कोण कुठे उभं राहतं ते टिपा. मी नृत्याचाच वर्ग निवडला. पाच तास टिपलं. आम्ही अठ्ठावीस जण, पण तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसऱ्या जागी कुणीच उभं राहत नाही. एका पोरीला विचारलं, तर म्हणाली, काय माहीत, नाही वाटत बरं तिथे.

मी त्या जागी अनवाणी उभा राहिलो. जमीन खाली गेली ती वर आलीच नाही.

ताई, तेव्हा आठवलं. एकोणऐंशी साली ही जमीन करताना तिथली तुळई आखूड पडली. मी जोड दिला, आणि जोडाखालचा टेकू उद्यावर टाकला. तो उद्या राहून गेला. सहा डिसेंबरला कार्यक्रम आहे, शेवटी अठ्ठावीस जण एकदम उडी मारणार. पोरींचे घोटे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि सांगितलं, तर मला मास्तर कोण करील? काय करू ते लिही.

आशीर्वाद मागणारा,
उर्बानो


तेर्सेरा बेट
ता. १५ नोव्हेंबर १९९६

चि. उर्बानोस अनेक आशीर्वाद.

आधी हसले. स्वतःच्या लग्नात तुला दंडाला धरून नाचाच्या फेरात ओढावं लागलं होतं! शेजारची फिलोमेना विचारते, घागरा घालतोस का. मग पुढचं वाचलं आणि खाली बसले.

तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. भूकंपात आईच्या पायावर जी तुळई पडली, तिची चीर बाबांना दोन वर्षं ठाऊक होती. लोक म्हणतील, याला स्वतःचं घर धड ठेवता येत नाही, म्हणून गप्प बसले. आई अजून काठी टेकते, पण बाबांना कधी एका शब्दानं बोलली नाही. ते न बोलणंच त्यांना संपवून गेलं.

पत्र मिळताच जा. टोपी काढून सांग.

माया आहे, ती कमी होणार नाही.
तुझी दियोलिंदा


टुलारी
ता. ९ डिसेंबर १९९६

ती. ताईस सा. न.

पत्र पंचवीसला मिळालं. टोपी काढूनच गेलो, सगळं सांगितलं. नृत्याच्या बाईंनी विचारलं, नक्की ना? म्हटलं, आयुष्यात एवढं नक्की काहीच नव्हतं. सगळ्यांसमोर फळ्या उचलल्या. जोड उभा फाटला होता, नखानं भुसा निघत होता. मागच्या पत्रात सांगितलेल्या त्याच पोरीनं विचारलं की बॉस, हे तुम्हीच केलं होतं ना. हो म्हणालो. ती दोन पावलं मागे सरकली. तिचं ते सरकणं मला अजून दिसतं.

कार्यक्रम गाड्या लावायच्या आवारात झाला. पायांखाली सिमेंट, तरी मी शेवटपर्यंत खालीच बघत होतो. शेवटच्या उडीला मी मागे पडलो. टेकू आता बसवलाय, तीनदा तपासलाय. तरी भीती जात नाही. मी केलेल्या अकरा जिन्यांपैकी रोज एकाच्या घरमालकाकडे जातो आणि पायरीन् पायरी ठोकून बघतो. सात झाले, चार राहिले.

आईच्या पाया पडलो म्हणून सांग. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

उर्बानो

ता. क. 'जमीन जुनी होऊन झिजली' असं लिहिलेल्या कागदावर सही कर, पदवी हाती येताच मास्तरकी तुझी, असं कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांनी सुचवलं होतं. मी नाही म्हणालो. पगार वर्षाला चौतीस हजार डॉलर होता.