आधी पाणी, मग हात

आये, सांगलीतल्या त्या हळदीच्या गोदामाचं काम मी घेतलं तेव्हा तुला जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे ते काम तुला ठाऊक असायचं कारण नाही. गोदाम मात्र तुला चांगलं ठाऊक आहे. आण्णा त्याच्यावर सिमेंटचे पत्रे चढवत होते तेव्हा एका दुपारी तू माझा हात धरून भाकरी घेऊन आली होतीस. आण्णा वर आढ्यावर, हातात करवत, आणि भुवयांसकट सगळे पांढरे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. तू खालून ओरडलीस, “आवं, उतरा की! भाकरी गार व्हाया लागली.” आण्णा वरून म्हणाले, “गार भाकरीनं कोण मरत न्हाई गं.” आणि तू पदर तोंडाला लावून हसलीस. पुढं एकदा त्या गोदामाच्या छपराखाली उभा राहून मी वर बघत होतो, तेव्हा ते हसणं मला जसंच्या तसं ऐकू आलं. माझे कान असे आहेत हे तुला माहीत आहे. तूच म्हणायचीस, पोरगं न्हवं, घुशीचं कान हायती.

नव्वदचं दशक संपत आलेलं. गोदाम ज्याचं होतं त्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या पोरांनी ते एका संस्थेला दिलं होतं आणि तिथं बायकांना शिवणकाम शिकवायचं केंद्र निघणार होतं. पैसे परदेशातून येणार होते, आणि देणाऱ्यांची अट अशी, की इमारत पर्यावरणाच्या नियमांत बसली पाहिजे, तपासणी होऊन तसं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर केंद्र नाही. आता मी राहतो त्या साताऱ्यात गल्लीबोळातला बिल्डरसुद्धा फलकावर पान काढून ग्रीन बिल्डिंग लिहितो, पण तेव्हा आमच्यात हा शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. सांगली-मिरजेच्या बड्या कंत्राटदारांनी अटी वाचल्या आणि चहा पिऊन निघून गेले. मी थांबलो, त्याचं कारण शहाणपण नव्हे. पुण्याहून आलेल्या आर्किटेक्ट मॅडम एसटीडी बूथमध्ये बोलत होत्या आणि मी काचेबाहेर माझ्या पाळीची वाट बघत होतो. अशी आणखी कामं निघणार आहेत आणि करायला माणूस मिळत नाही, एवढं मला काचेतून ऐकू आलं. फोन न करताच मी परत गेलो आणि काम घेतो म्हणालो.

घेतलं खरं, पण अटी म्हणजे एकेक नाठाळ बैल. मॅडमनी पहिल्या दिवशी ग्रीन म्हटलं तर दुसऱ्या दिवशी आमच्या मुकादमानं हिरव्या ऑइलपेंटचे डबे आणून ठेवले. मॅडमनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, “यात शिसं आहे. हा अजिबात चालणार नाही.” मुकादम माझ्या कानाशी लागला, “मालक, हिरव्याला हिरवा चालंना, मग काय चालतंय ह्यास्नी?” छपराचं पाणी गटारात सोडायचं नाही, जमिनीत मुरवायचं, हीही एक अट. आणि आपली काळी माती तर एकदा भिजली की रांजणासारखं पाणी धरून बसते. मुरूम लागेपर्यंत खोल गेलो, गोदामाच्याच पाडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे खड्ड्यात भरले, तेव्हा कुठं पाणी हलायला लागलं. हळद अंधारात ठेवायची म्हणून गोदामाला खिडकी नव्हती, तर उत्तरेची भिंत फोडून उजेड घेतला आणि जुन्या सागवानी दारांच्या फळ्या काढून त्यांच्याच खिडक्या केल्या. एकेक अट सुटत गेली तशी मला मजा यायला लागली. मॅडमही हसून बोलायला लागल्या. मुकादमाला त्या “काय हो हिरवे” अशी हाक मारायच्या.

राहिलं छप्पर. मी आपला अभिमानानं म्हणालो, “मॅडम, ह्याला हात लावायची गरज नाही. माझ्या वडिलांनी घातलंय. आजवर थेंब गळला नाही.” त्या वर बघत म्हणाल्या, “गळत नसेल. पण याच्यात ॲसबेस्टॉस आहे, हे काढावंच लागेल.” मग त्यांनी समजावून सांगितलं. पत्रा आपल्या जागेवर साबूत असतो तोवर गप असतो. कापला, फोडला की त्याची भुकटी उडते, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी, आणि ती छातीत जाऊन बसते ती बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग एक दिवस कळतं. कागदाचं पान उलटता उलटता त्या म्हणाल्या, “आणि फक्त कापणाऱ्यालाच नाही. त्याचे कपडे घरी झटकणाऱ्या, धुणाऱ्या बाईलाही होतं. म्हणून तुमच्या माणसांना नीट सांगा. आधी पाणी, मग हात. कोरड्याला कुणी शिवायचं नाही. आणि झटकायचं तर अजिबात नाही.”

आये, मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं.

कारण तुझी रीत बरोबर उलटी होती. आण्णा सांजेला दारात आले की तू त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाहीस. सदरा, टोपी, धोतर बाहेरच काढायला लावायचीस आणि दाराच्या चौकटीवर एकेक कापड आपटून झटकायचीस, दोन्ही हातांनी, कणसं झोडपावीत तसं. शेजारीण म्हणायची, “घाल की पाण्यात, कशाला आपटतीस?” तू म्हणायचीस, “सिमेटाची कापडं तशीच भिजवली तर सिमेट धरतंय बाई, दगुड हुतोय.” मावळतीच्या तिरिपीत ती भुकटी चमकत खाली यायची, तुझ्या केसांवर, पापण्यांवर. मग तू अंगण झाडायचीस, आणि मगच हातपाय धुऊन चुलीपुढं बसायचीस. इतकी स्वच्छतेची तू. तुझ्या स्वच्छतेची गल्लीत टिंगल व्हायची.

तुझा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. तो ओला नव्हता कधी. वाळल्या कडब्यावर पाय पडावा तसा आवाज. आधी जिना चढताना, मग भाकरी थापताना, मग नुसतं बसल्या जागी. गावच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या, त्यानं काही झालं नाही. मिरजेला छातीतलं पाणी काढलं, ते पुन्हा साचलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, “आजी, तंबाखू?” तर तू केवढी रागावलीस. “आजी कुणाला म्हणतुयास रं? आन् तमाखू न्हाई, चुलीचा धूर हाय.” आण्णांनी ते वाक्य उचललं आणि तू गेल्यावर ते धरून बसले. तेरावा झाल्या झाल्या त्यांनी घरात गॅस आणवला. येईल त्याला सांगायचे, “धुरानं खाल्ली तिला. आधी आणला असता तर ऱ्हायली असती.” गॅस आणायला उशीर झाला, एवढाच दोष त्यांनी स्वतःकडं घेतला होता, आणि तेवढा त्यांना पेलत होता.

मी मॅडमना एकदा विचारलं, ओळखीची एक बाई होती, असा असा खोकला होता, ते ह्यानंच का? त्यांनी हातातले कागद मिटले. नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, “आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही.” मला तेवढं पुरलं. आण्णांना हे कळू द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. म्हातारपणी माणसाच्या हातातून त्याचा धूर काढून घ्यायचा आणि त्याजागी त्याचाच सदरा द्यायचा, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

पण आण्णा ते आण्णा. छप्पर उतरतंय हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि ते एसटीनं एकटेच सांगलीत हजर. पांढरी टोपी, हातात काठी. वर माणसं तोंडाला मास्क बांधून पत्र्यांवर पंपानं पाणी मारत होती, बोल्ट सोडवून एकेक पत्रा न फोडता दोरीनं खाली देत होती, खाली त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होते. आण्णा फाटकातूनच म्हणाले, “आरं, शिमगा खेळताय व्हय रं?” मुकादम वरून ओरडला, “आण्णा, आमी डाकू झालोय बघा!” सगळे हसले. मग आण्णा उतरवलेल्या एका पत्र्यापाशी गेले, मी नको नको म्हणेपर्यंत वाकले आणि बोटाच्या पेरानं त्याच्यावर ठोकलं. तडा गेलेला पत्रा बद्द वाजतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. हा खणखणीत वाजला. “ऐकलंस? साबूत हाय. का काढतोयस रं?”

“उजेड पायजे म्हणत्यात, आण्णा,” मी म्हणालो.

“मग चार काचा बसवायच्या. सगळं कशाला काढायचं?” तेवढ्यात सामानाची गाडी आली आणि मी तिकडं गेलो. पण कान इकडंच होते. आण्णांनी खाली उतरलेल्या मुकादमाला विचारलं, “तोंडाला का बांधलंय रं?” आणि त्या बोलघेवड्यानं सगळं सांगून टाकलं. “भुकटी छातीत जाती म्हणं आण्णा. कापडं बी घरी न्यायची न्हाईत, हितंच पाण्यात बुडवायची. झटकायची न्हाईत. घरातल्या बायास्नी बाधतंय त्ये.” त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

मी वळून बघितलं. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली होती. उन्हात उभे राहिले की टोपी काढून गुडघ्यावर आपटायची त्यांची जन्माची सवय. हात वर गेला होता, आणि तिथंच थांबला. मग ते हळूहळू पाण्याच्या पिंपाकडं गेले, टोपी आत बुडवली, दाबून धरली, वर काढली आणि न पिळता डोक्यावर ठेवली. पाणी मानेवरून सदऱ्यात चाललेलं. मुकादम म्हणाला, “ऊन लय हाय, व्हय आण्णा?” आण्णा म्हणाले, “व्हय.”

त्या दिवसापासून ते आपले कपडे कुणाला धुऊ देईनात. माझी बायको हात पुढं करायची, “मामंजी, द्या इकडं.” ते म्हणायचे, “नगं गं पोरी, माझं मी बघतो.” पत्र्याचं काम सोडून त्यांना किती वर्षं झाली होती, सदऱ्यावर पारावर बसल्याची धूळ असायची फक्त. तरी मोरीत बसून, आधी तांब्यानं पाणी ओतून, मग हात लावायचे. शेजारच्यांना वाटायचं सुनेचं आणि ह्यांचं पटत नाही. बायको रडली एकदा. तिलाही मी काही बोललो नाही.

केंद्राला प्रमाणपत्र मिळालं. बाया शिवायला यायला लागल्या, नव्या छपराखाली यंत्रांची खडखड सुरू झाली, आणि मी पेढे घेऊन घरी गेलो. आण्णांनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, “सिमेट धरतंय, आदी झटक, हे तिला मीच सांगितलं व्हतं. लगीन झाल्या झाल्या. तिला काय म्हाईत व्हतं?”

आये, मला एवढी माणसं हाताळता येतात. महाबळेश्वरच्या पावसात, खंडाळ्याच्या माळावर, असली अवघड कामं मी पुढं करून दाखवली, तपासायला येणाऱ्यांना बोलण्यात गुंडाळलं, रुसलेल्या गवंड्यांना परत आणलं. त्या सांजेला तोंडातून एवढंच निघालं, “आण्णा, धूर बी लय व्हता.”

त्यांनी हातातला पेढा फिरवून बघितला. मग म्हणाले, “व्हय. धूर बी व्हता.” आणि पेढा खाल्ला. ह्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. आता तेही नाहीत.

तिकडं तुमची गाठ पडली असेल तर त्यांनी तुला सांगितलं असेल, किंवा नसेलही. नसेल सांगितलं तर माझ्याकडून ते तुला कळायला नको. म्हणून हे पत्र कुठं जाणार नाही, इथंच राहील.

एक मात्र सांगतो. गावाकडच्या आपल्या स्वैपाकघरावर आण्णांनी त्या गोदामाच्या उरल्यासुरल्या पत्र्यांचंच छप्पर घातलं होतं, ते अजून आहे. घर बंद असतं, तिथं कुणी राहत नाही. लोक विचारतात, एवढ्या इमारतींचे पत्रे उतरवलेस, स्वतःचे का ठेवलेस? मी सांगतो, हलवला नाही तर पत्रा गप असतो, मॅडमच म्हणाल्या होत्या. पण ते खरं कारण नाही. दिवसभर तापलेले पत्रे सांजेला निवायला लागले की टक्क टक्क वाजतात, आणि तू चुलीपुढनं म्हणायचीस, “पत्रं बोलाया लागलं, तुझा बा यील आता.” मी अजून अधूनमधून साताऱ्याहून जातो, कुलूप काढतो, आणि ते ऐकायला तिथं खाली बसतो.