चहा होईपर्यंत सरकवलेली बटणं

प्रिय पप्पा,

जय भीम.

आठवण आली म्हणून लिहितेय असं समजू नका. आठवण रोजच येते. आज मला तुमचा भयंकर राग आलाय आणि भांडायला तुम्ही घरात नाही, म्हणून लॅपटॉप उघडून बसलेय.

मागच्या आठवड्यात पंचवटीत त्या फूलवाल्या शेतकऱ्यांच्या गटाला ॲपचं नवं पान दाखवायला गेले होते. आधीची सगळी पानं तुम्ही बघून दिली होतीत. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच. "खालचं बटण दाबा, लगेच ऑर्डर जाते," मी ऐटीत म्हणाले. मग गटाचे अण्णा हळूच म्हणाले, "मॅडम, बटण कुठंय? आम्हाला तर नुसता झेंडूच दिसतोय."

माझा फोन "ऑर्डर द्या, बटण" असं खणखणीत सांगत होता. मी ते दाबूनही दाखवलं. म्हणजे अख्ख्या खोलीत ते बटण फक्त मला, आंधळीला, सापडत होतं! झेंडूचा फोटो त्याच्यावर जाऊन बसला होता. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "आधीचं लय भारी होतं. ह्या टायमाला काय झालं?"

काय झालं ते शोधायला घरी येऊन जुन्या पानांच्या कोडची एकेक ओळ ऐकत गेले. पप्पा, दोन गोष्टींमध्ये मी जागा सोडते ती कायम आठच्या पटीत. आठ, सोळा, चोवीस. हाताला सवयच आहे. आणि तिथे ऐकू आलं, तेरा. पुढे सत्तावीस. मग एक्केचाळीस. असे आकडे कोणी टाइप करत नाही. वस्तू माउसने ओढून सोडली की ते येतात. एका पानावर नाही, सगळ्या पानांवर!

तेव्हा मला चहा आठवला. "दाखव बघू," म्हणून तुम्ही माझ्या खुर्चीत बसायचात आणि लगेच, "तोवर जरा चहा टाक." नऊ वर्षं, दर पानाला चहा! माउसची टिकटिक स्वयंपाकघरात ऐकू यायची. विचारलं की म्हणायचात, "खालीवर करून बघतोय गं." कप घेऊन आले की, "छान दिसतंय, प्रज्ञा."

चित्रकलेचे मास्तर होतात तुम्ही. वर्गातल्या पोरांच्या चित्रांवर लाल पेन्सिल कशी चालवायचात, ते कौतुकाने सांगायचात. मग माझ्या वाट्याला ती लाल पेन्सिल का नाही आली? मी त्या पोरांपेक्षाही कच्ची वाटले का तुम्हाला?

मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं बनवते, त्यात पान आखायची जी जागा आहे, तिथे माउसशिवाय काही हलत नाही. पडदा वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर तिथे पोहोचला की मुका होतो. म्हणून तर मी सगळं कोडच्या ओळींनी लिहून काढायला शिकले. ते बनवणाऱ्या कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली. दर वेळी एकच उत्तर, आपली सूचना नोंदवून घेतली आहे. शेवटी तुम्हीच म्हणालात, "कशाला त्यांच्या नादी लागतेस? तुझं चाललंय ना व्यवस्थित?" मी लिहिणं सोडून दिलं. चालत नव्हतं हो, पप्पा. तुम्ही चालवत होतात.

या आठवड्यात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावरची प्रत्येक चौकट कुठून कुठपर्यंत आहे, ते आकड्यांत मिळतं. दोन चौकटी एकमेकींवर चढल्या की तो मला बोलून सांगतो. रंग बरे दिसतात की नाही, ते त्याला कळत नाही, पण फोटो बटणावर बसलाय हे कळतं. दोन दिवसांचं काम! "वाकडं झालंय" एवढं एकदा म्हणाला असतात, तर मी हे नऊ वर्षांपूर्वीच केलं असतं.

खोटं कशाला बोलू, एकदोनदा मला संशय आला होता. मी विचारलं नाही. तुमच्या तोंडून कौतुक ऐकायला मला आवडायचं.

माझ्यापुरतं असतं तर मी हे गिळलंही असतं. पण स्वातीचं काय करू? सुरगाण्याची ही मुलगी, माझ्यासारखंच काही दिसत नाही तिला. माझ्याकडे हेच काम ऑनलाइन शिकते. बँकेच्या परीक्षेची तयारी तिने सोडली, कारण मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपलं डोळ्यांवाचून काही अडत नाही. माझंच बघ ना." आज सकाळी तिला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, माझा बाप तर दिवसभर शेतात ऱ्हातो. माझी बटणं कोण सरकवील?"

तुम्ही मला फसवलंत आणि माझ्या तोंडून तिलाही. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मी चूक ऐकून घेऊ शकेन, ती सुधारू शकेन, एवढा भरवसा तुम्हाला आपल्या मुलीचा वाटला नाही, हे फार झोंबतं. कुणाला सांगू?

उद्या स्वातीचं पहिलं पान तपासायचं आहे. वचन देते पप्पा, मी तिच्याशी तुमच्यासारखी वागणार नाही. चुकलं असेल तिथे चुकलं म्हणेन, ती रडली तरी म्हणेन. आम्हा दोघींनाही जे कळणार नाही, ते ज्याला दिसतं त्याला विचारू, पण दुरुस्ती तिच्याच हातून होईल. आणि कंपनीला पुन्हा पत्र जाणार आहे. आजच मजकूर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, खाली माझं पण नाव टाका."

अजून रागातच असलेली, तुमची,
प्रज्ञा