पश्चिमेचा पत्रा

२५ मे, रवि.

आजही किसन आला. सलग तिसरा रविवार. मागच्या गल्लीतून, परसाचं फाटक पायाने ढकलून, काखेत बाभळीची लाकडं. सुनीता आधीच भट्टीपाशी. भट्टी म्हणजे त्यानेच तेलाचा ड्रम आडवा कापून, झाकण आणि धुराडं जोडून दिलेली. मटण विस्तवावर नाही, धुरावर शिजतं. अख्खी दुपार जाते. अख्खी दुपार ते दोघं बोलतात.

बंजारा बोलीत. किसन तिच्या तांड्यातला, आश्रमशाळेत एका वर्गातला. आता इथे पांढरकवड्यात हायवेला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. ती त्याला भिया म्हणते, म्हणजे भाऊ. हे मला माहीत आहे, आणि तरीही लिहून ठेवतो आहे.

मी ओट्यावर, खुर्चीत. ती एकदा इतकी हसली की ठसका लागला. विचारलं, "काय म्हणाला?"

"काई नाही. असंच."

पाऊस जवळ आलाय. पाऊस लागला की हे आपोआप बंद.

२८ मे

आई वणीला दादाकडे राहायला गेली, पण तिच्या माळेचा नियम इथेच राहिला आहे. मटण परसात, भांडी वेगळी. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे मटण जवळजवळ नसतंच. मी त्याच हिशेबात होतो. सकाळी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "आता पावसात ड्रम झाकून ठेवावा लागेल."

सु. डबा भरत होती, दवाखान्यात सकाळची ड्यूटी. "झाकून कायले? शेड बांधू ना. भिया पत्रे आनून राह्यला." मग पोळी गुंडाळता गुंडाळता, "खरी मजा तं पावसातच हाय. याडी चुलीच्या वर मटण टांगून ठेवे. बाहेर झड लागलेली, अन् घरात थो वास. मले थोच पाहिजे."

याडी म्हणजे तिची आई. हे टांगलेलं मटण मी आज पहिल्यांदा ऐकलं. किसनला सांगावं लागलं नसेल. तो तेच खाऊन मोठा झालाय.

दिवसभर स्वतःला विचारतोय, नेमकं काय खुपतं? संशय नाही. हे लिहिताना पेन अडखळलं नाही. संशय असता तर सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. पण भट्टीपाशी बसलेली सु. मला कधी भेटलेलीच नाही. ती उकिडवी बसते, बोटं चाटते, मोठ्याने बोलते, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडते. ती बाई माझ्या घरात राहते, आणि माझ्याकडे वळली की मावळते.

१ जून, रवि.

किसन टेप घेऊन आला. चार पाइप, वरून पत्रा, आणि एका बाजूला पत्र्याची भिंत. उत्तरेला न्हाणीघराची भिंत आहेच. दक्षिण धूर जायला मोकळी. प्रश्न राहिला पूर्व की पश्चिम. पश्चिमेला अगदी लागून कुंपण, फाटक, गल्ली. पूर्वेला ओटा, स्वयंपाकघराचं दार आणि मी.

"सर, तुमी भूगोल शिकवता. पाऊस कोन्या आंगानं येते थे सांगा. तिकून पत्रा मारतो."

"नैर्ऋत्येकडून. पश्चिम बंद करा." विचार करायला क्षणही लागला नाही.

"सर म्हनते तं झालं."

उत्तर बरोबर आहे. अर्धं. अकरावीला दरवर्षी मीच शिकवतो की विदर्भाला पाऊस दोन्ही समुद्रांकडून मिळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि तो आपल्या दक्षिणेने सरकला, की वारा फिरतो, सरी पूर्वेकडून येतात. फळ्यावर दोन बाण काढतो. आज एकच काढला.

पश्चिम बंद झाली की फाटक गेलं. किसनला पुढच्या दाराने, माझ्या खुर्चीवरून यावं लागेल. भट्टीपाशी बसणाऱ्यांचं तोंड ओट्याकडे होईल.

हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं का? होतं, असं वाटतं. नसतं तरी मी पश्चिमच म्हटलं असतं. म्हटलं असतं ना?

८ जून, रवि.

शेड उभी राहिली. पाइप धरायला मी. हात जरा हलला तर किसन म्हणाला, "सर, बराबर धरा. हा खडू नोहे." सु. खो खो हसली. मीही हसलो. विनोद चांगला होता, याचाच राग आला.

तो तिला सुनी म्हणतो. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. दवाखान्यात ती सिस्टर, आईसाठी सूनबाई, माझ्यासाठी सुनीता. पाइप धरल्या धरल्या मनात म्हणून पाहिलं, सुनी. दुसऱ्याचा शर्ट अंगात घातल्यासारखं वाटलं.

आणि मला तो सर म्हणतो. ती त्याची बहीण तर मी जवाई. पण नाही. सर.

१५ जून, रवि.

दुपारी झोडपलं. पश्चिमेकडूनच. भट्टी कोरडी राहिली. किसनने पत्र्यावर थाप मारली. "मानलं, सर." सु. त्याला म्हणाली, मुद्दाम मराठीत, मला ऐकू यावं म्हणून, "आमच्या सरायले सारं मालूम असते."

कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मटण दोनदा वाढून घेतलं. वरून काळं, आतून इतकं मऊ की हाड बोटाने निघावं. अर्ध्या उत्तरावर मिळालेलं कौतुक, पण पचलं.

आता तिचं तोंड माझ्याकडे असतं. सगळं दिसतं. उपयोग काही नाही. ओठ दिसतात, बोलणं कळत नाही. आधी निदान पाठ दिसायची.

किसन आता पुढून येतो. गाडी दारात लावतो, "काय सर, बरं हाय ना?" म्हणून माझ्यापाशी थोडा टेकतो. तेवढ्यात परसातून हाक येते. त्याला.

२३ जून, सोम.

विचारलं एकदाचं. "तुम्ही एवढं काय बोलता?"

ती पालक निवडत होती. हात थांबला. "आज इचारलं?"

आवाजात राग नव्हता. नुसतं नवल होतं. ते जास्त लागलं.

मग सांगितलं. तांड्यातली माणसं. कोण गेलं, कोणाची पोरगी कोणासोबत पळाली, आश्रमशाळेतला एक मास्तर जो पेंगता पेंगता हजेरी घ्यायचा. "किसनची याडी वारली तवा मले जाता नाही आलं, ड्यूटी होती. कोन कोन आलतं, काय काय झालतं, थेच सांगत होता." मग पालकाच्या जुडीकडे बघत, "तुमाले सांगून काय करू? तुमी कोनाले ओळखता तिथल्या?"

कोणालाच नाही. तांड्यावर गेलो तो दरवेळी पाहुणा म्हणून. बाजेवर बसून, चहा घेऊन, सगळ्यांना मराठी बोलायला लावून.

८ जुलै

सु.ने याडीला बोलावलं आहे, रविवारी. पावसातलं ते मटण तिला खाऊ घालायचं म्हणून. याडी आमच्याकडे कधी मुक्कामाला राहिलेली नाही. आई इथे असताना ती ओट्यावरच टेकायची आणि शेवटच्या बसच्या बऱ्याच आधी उठायची. "या बारीनं राह्यते म्हनली," सु. दोनदा सांगून गेली. नवी चादर काढली आहे.

१० जुलै, गुरु.

पेपरात आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा. स्टाफरूममध्ये मोबाइलवर नकाशा पाहिला. दक्षिणेने सरकतोय. रविवारच्या सुमारास आपल्याकडे.

सांगायला हवं. सांगितलं तर विचारतील, जूनमध्ये का नाही सांगितलं? विसरलो म्हणता येईल. पण ते खोटं होईल, आणि आत्तापर्यंत मी खोटं बोललेलो नाही.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. किती सोयीचं.)

येताना ताडपत्री घेतली. कड्यांत दोऱ्या ओवून, घडी करून कपाटामागे ठेवली. अंदाज चुकतातही.

१३ जुलै, रवि.

याडी सकाळी आली. भट्टीजवळ तिला बाज टाकून दिली. मटण सकाळपासून धुरात. तिने झाकण उघडायला लावून वास घेतला, सु.च्या गालावरून हात फिरवला. हे ओट्यावरून पाहिलं.

चहाच्या वेळेला वारा फिरला. ओट्यावरचं कॅलेंडर उलटं झालं, मला तेवढ्यावरून कळलं. मग सर आली, पूर्वेकडून, उघड्या बाजूने सरळ आत. विस्तव फसफसला. ओला धूर, राख. किसन भट्टीपुढे पाठ करून उभा राहिला. सु.ने याडीवर पोतं धरलं, तरी म्हातारी भिजलीच.

मी धावत ताडपत्री आणली. "जवाई, वरतं धरा! आजून वरतं!" किसन ओरडला. जवाई. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

सु.ने दोऱ्या पाहिल्या. "हे कवा आनली?"

"गुरुवारी."

"दोऱ्या बांधून?"

मी माझं टोक आणखी वर धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पश्चिमेच्या पत्र्याकडे, मग ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे. नर्स आहे ती. कुठे दुखतं हे विचारत बसत नाही, दाबून बघते.

"असं व्हय," एवढंच म्हणाली.

सर ओसरेपर्यंत आम्ही दोघं टोकं धरून. माझी पाठ पावसात, तोंड आत. याआधी कधी आत तोंड करून उभाच राहिलो नव्हतो. धुराने डोळे गळत होते. याडी बाजेवरून काहीतरी म्हणाली, ते तिघं हसले. मीही हसलो.

"तुमाले समजलं?" सु.

"नाही."

मटण मध्ये कच्चं राहिलं. याडीने चावून चावून खाल्लं आणि म्हणाली, आछो छ. चांगलं आहे. हे मला समजलं. लेकीचं मन राखायला म्हणाली, हेही.

१५ जुलै

याडी काल सकाळी गेली. शिंकत.

सु. बोलते, वाढते, ड्यूटीला जाताना सांगून जाते. सगळं नीट. आज जेवण झाल्यावर मीच सांगितलं. दोन बाण, फाटक, खुर्ची, पेपर. "मला हेवा वाटत होता," असं म्हटलं. इतके दिवस एवढं मोठं वाटणारं, बोलल्यावर चार शब्दांचं निघालं.

"भियाचा?"

"तुमच्या बोलण्याचा."

तिने ताटं उचलली. मोरीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी हसली असती तुमाले. तेवढंच झालं असतं." नळ सोडला. बंद केला. "याडी भिजली ना."



२० जुलै, रवि.

किसन पुन्हा सर म्हणायला लागला. सु.ने त्याला काय सांगितलं, सांगितलं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पूर्वेचा पत्रा मापाने कापून आणला. "मारू काय, सर?"

पूर्व बंद झाली की ओट्यावरून काही दिसणार नाही. ते आत, मी बाहेर, मध्ये पत्रा.

मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाली, "थांब, भिया. सरायले सांगू दे." आणि माझ्याकडे वळून, "या बारीनं पुरं सांगा."

पुरं सांगितलं. पूर्व बंदच पाहिजे. दक्षिण मोकळी, पण वरचा पत्रा तिकडे हातभर पुढे काढा, वारा तिकडूनही वळतो. किसनने मान डोलावली, रॉड संपलेत, उद्या येतो म्हणाला. पत्रा ओट्याला टेकवून गेला.

संध्याकाळी सु. आत असताना शेडमध्ये जाऊन आलो. भट्टी, तिचा पाट, किसनचं स्टूल. दक्षिणेच्या कोपऱ्यात एक खुर्ची मावते. हाताने मापून पाहिलं. खुर्ची नेली नाही. ओट्यावरच आहे, पत्र्याच्या शेजारी.

'मी येऊ का' हे त्यांच्या बोलीत कसं म्हणतात? किसनला विचारलं तर तो लगेच सांगेल. सु.ला विचारायचं आहे. ती अजून स्वयंपाकघरात आहे, भांड्यांचा आवाज येतो आहे.