जलपर्णीपलीकडची अकेयो

३ मार्च १९९८, मंगळवार
अकेयोला माहेरी जाऊन अकरा दिवस झाले. मुलीलाही नेलं. मासे मिळेनात म्हणून ती बोलली, मी जरा जास्त बोललो. काळजीचं कारण नाही. मक्याच्या पिठाची उगाली शिजवायचं तिचं पातेलं चुलीवरच आहे. पातेलं ठेवून गेलेली बाई परत येते. उद्या बोटीने सरोवरापलीकडे जाऊन घेऊन येतो.

४ मार्च, पहाटे
बोट जागची हलली नाही. जलपर्णी इथून थेट समोरच्या किनाऱ्यापर्यंत. वर जांभळी फुलं, खाली कुजका वास. ओबुयाकाका म्हणाले, भाड्याच्या मटाटूने जा, सरोवराला वळसा घालून गाडीरस्ता आहे, चार तास लागतात. नावाड्याने सासऱ्याच्या दारात मटाटूतून उतरायचं? लग्नात तिला बोटीतून आणली होती. बोटीतूनच आणणार.

७ मार्च
कोयत्याने पन्नास हात वाट मोकळी केली. पायाला जळवा. प्रगती उत्तम.

८ मार्च
वाट बुजली. काका म्हणतात, तोडलेले तुकडेच पुन्हा फुटतात. म्हणजे चार दिवस मी लावणी करत होतो. मुलगी खुरपणीच्या दिवसांत जन्मली म्हणून आमच्या रीतीने तिचं नाव अडोयो. बापाला सरोवर खुरपता येईना.

११ मार्च
मत्स्यखात्याच्या साहेबाकडून जलपर्णी खाणारे किडे आणले, डबाभर. पाण्यात सोडले. साहेब म्हणाला, परिणाम दिसायला दोन वर्षं. मी किड्यांना रविवारपर्यंतची मुदत दिली.

१३ मार्च
पानांखाली ना उजेड, ना हवा. मासे पोट वर करून तरंगतायत. डास तेवढे माजलेत. मला ताप. घर खायला उठतं. अडोयोचा आवाज आठवतो आणि रडू येतं. हे कुणाला सांगायचं नाही. किड्यांचं पोट भरलेलं दिसतं, हलत नाहीत.

१५ मार्च, रविवार
तापातच दिवसभर पाण्यात. ऐंशी हात! आजवरचा उच्चांक.

संध्याकाळी घरी आलो तर चूल रिकामी. शेजारच्या अविनोकाकू म्हणाल्या, अकेयो मटाटूने आली होती. दुपारपर्यंत दारात बसली, मग पातेलं उचललं. काकूंनी विचारलं, त्याला हाक मारू का?

"नको काकू," ती म्हणाली. "रस्ता त्यालाही माहीत आहे."

अडोयो किनाऱ्यावर जाऊन मला लांबून बघून आली म्हणे. आईला सांगत होती, बाबा फुलं तोडतायत.

जेवलो नाही. शिजवायचं कशात?

१६ मार्च, सकाळ
वारा फिरला. आमच्याकडचं पाणी लख्ख मोकळं. जलपर्णी सगळी पलीकडे, सासऱ्यांच्या किनाऱ्याला जाऊन लागली आहे.

काका सांगून गेले, मटाटू सातला सुटते. आता साडेसात झाले.

बोट काढतो. आधी कोयत्याला धार लावून घेतो.